अमावस्येसाठी सोडलेली जागा

सुजाता,

नांदगावहून परत येताना गाडीत बसून हे लिहितोय. मनमाड आत्ताच गेलं. बाहेर ऊन कलतंय आणि बाहीला कांद्याचा वास लागलाय. आत्याबाई चार दिवस माझ्याशी भांडत होत्या, त्या आज दुपारी गप्प झाल्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सर, त्या भांडत नाहीत, विचारतायत." आता तसं म्हणणारं कोणी नाही. म्हणून ही बातमी मीच तुला कळवतोय, आणि तिच्या आधीचंही एक सांगायचं राहिलंय.

आत्याबाई हे नाव मीच पाडलं होतं, तुझ्या लाडक्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कंपायलरला. आपण लिहिलेला प्रोग्रॅम चालायच्या आधी तो सगळा वाचून काढायचा आणि लग्नघरात आलेल्या आत्याबाईंसारखी खोट काढायचा. हे कुणाचं, ते कुठे ठेवलं, आणि पाहुणा आलाच नाही तर वाढलेल्या ताटाचं काय करणार? उत्तर मिळेपर्यंत काम पुढे सरकत नसे. मी सिन्नरच्या कारखान्यात वीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केलेला माणूस. मशीन आधी चालवायचं, आवाज ऐकायचा, मग कुठे घासतंय ते बघायचं, ही माझी रीत. चालवायच्या आधीच इतकी चौकशी मला सोसत नसे.

नाशिक रोडच्या आपल्या ऑफिसात दुपारचा उजेड अजून तसाच येतो. खाली झेरॉक्सवाल्याचं मशीन घुमत असतं, स्टेशनवरची घोषणा वाऱ्याबरोबर अर्धीच ऐकू येते आणि माझा डोळा लागतो. डोळा लागला की तू येतेस. फळ्यापाशी पाठमोरी उभी राहून काहीतरी लिहीत असतेस. मी म्हणतो, बाजूला हो, दिसत नाहीये. तू वळत नाहीस. म्हणतेस, थांबा की सर, अजून कुठे लागतंय. जाग येते तेव्हा फळा तुझ्या अक्षरांनी भरलेला तसाच असतो आणि माझा चहा गार झालेला असतो.

त्या फळ्याचा डस्टर तू पहिल्याच आठवड्यात फेकून दिला होतास. कारखान्यात शिफ्टच्या फळ्यावर मागचा आकडा पुसून नवा लिहायचा, असा माझा हात बसलेला. तुझ्या भाषेत पुसणं नाहीच. एखाद्या नावाला एकदा पाच म्हटलं की ते जन्मभर पाच. सहा हवं असेल तर नवं नाव, नवी जागा. "मग जुन्याचं काय करायचं?" मी विचारायचो. "राहू दे ना, कुणाला खातंय?" तू म्हणायचीस. तुझे बाबा प्रेसमधून निवृत्त झालेले. छापलेल्या कागदावर खाडाखोड करायची नाही, दुसरा कागद घ्यायचा, हे तू त्यांच्याकडून लहानपणापासून ऐकलेलं. तुला जे घरात मिळालं ते मला पन्नाशीत शिकावं लागलं, आणि मी ते कुरकुरत शिकलो.

किती सोसलं आपण त्या भाषेपायी. प्रोग्रॅम बांधून व्हायला इतका वेळ लागायचा की खाली जाऊन चहा-भजी करून वर आलो तरी तो आपला चालूच. ओलावा मोजणाऱ्या सेन्सरशी बोलायची इतर भाषांत आयती सोय होती, आपल्याकडे तू महिनाभर बसून ती लिहिलीस. काय चाललंय ते बघायला मधेच एखादा आकडा पडद्यावर छापू म्हटलं, तर तेही सरळ नाही. गणित करणाऱ्याने गणितच करायचं, बाहेरच्या जगाशी बोलायचं ते वेगळ्या दारातून, असा तुझा दंडक. मदतीला माणूस हवं म्हणून जाहिरात दिली, तेव्हा ओझरहून एक बाई आल्या. तुझी दोन पानं त्यांनी मन लावून वाचली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, ह्यात लूप कुठंय?" तेच काम फिरफिरून करून घेणारा लूप तुझ्या भाषेत नाहीच. तू त्यांना रिकर्शन समजावत बसलीस, फंक्शन स्वतःलाच पुन्हा कसं बोलावतं ते. त्या चहा पिऊन गेल्या आणि परत आल्या नाहीत. मी तेव्हा म्हणालो होतो, उद्या कुणाला काही झालं तर हे वाचणार कोण? कुणाला म्हणजे मला, असंच माझ्या मनात होतं. वयाने मोठा मी.

तरी नांदगावचा प्रोग्रॅम हे आपलं सगळ्यात चांगलं काम, हे मी कधीच नाकारलं नाही. उत्पादक गटाची ती लांबलचक कांदाचाळ, तिचे बारा कप्पे, प्रत्येक कप्प्यात आपले सेन्सर आणि मधल्या खांबावर तो छोटा डबा. डबा दर काही मिनिटांनी ओलावा वाचणार, सरासरी काढत राहणार आणि एखाद्या कप्प्यात ती वाढू लागली की गटातल्या लोकांच्या फोनवर इशारा धाडणार. म्हणजे कांदा सडायच्या आत तो कप्पा उघडून निवडता येतो. लाइट गेली तरी डबा बंद पडू नये म्हणून मोठी बॅटरी मी लावली. चाळीची राखण करणाऱ्या काशिनाथभाऊंनी पहिल्या दिवशी डब्याला हळदकुंकू लावलं, तेव्हा तू फक्त बघत राहिलीस.

तुझ्या भाषेची मला आवडलेली एकच खोड म्हणजे तिचा आळस. सांगितलेलं काम ती लगेच करत नाही, 'हे करायचंय' अशी चिठ्ठी लिहून ठेवते आणि कुणी उत्तर मागितलं की मगच बसते. ते कळलं त्या दिवशी मी खूश होऊन म्हणालो होतो, ही भाषा आमच्या स्वभावाची आहे, लागेल तेव्हा करू. तू म्हणालीस, "त्यात धोका पण आहे सर. चिठ्ठ्या साचतात." मी ऐकलं आणि सोडून दिलं.

आता ते राहिलेलं.

दोन वर्षं डबा बिनबोभाट चालला. फक्त महिन्याच्या अहवालात एक दिवस 'बिघाड' यायचा. गटाचे अध्यक्ष आबा म्हणाले, दर महिन्याला एकच दिवस कसा बिघडतो तुमचा डबा? तू सेन्सरच्या वायरी तपासत होतीस. मी मात्र सहज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. दर खेपेला अमावस्या होती. मी जिन्यात जाऊन काशिनाथभाऊंना फोन लावला.

"आमुशाला बैल जुपत नाय साहेब," ते म्हणाले. "मार्केटबी बंद ऱ्हातं. म्हनलं मशीनलाबी एक दिस इसावा."

"मशीन काय बैल आहे का? यापुढे बंद करायचं नाही. ते बघेल चाळीकडे, तुम्ही निश्चिंत राहा."

"बरं," ते म्हणाले.

हे मी तुला सांगितलं नाही. का, ते आज लिहितो. मला लाज वाटली. तू शुभ-अशुभ न मानणाऱ्या घरातली, तुमच्याकडे कॅलेंडरात पौर्णिमेवर खूण. मी सिन्नरचा शेतकऱ्याचा मुलगा, अमावस्येला औत न धरणाऱ्या लोकांतला. तू हसशील असं मला वाटलं, काशिनाथभाऊंना आणि त्यांच्याआडून मला. म्हणून वरच्या मजल्यावर येऊन म्हणालो, "वायर सैल होती, त्यांनी दाबली." तू मान डोलावलीस आणि कामाला लागलीस.

दीड महिन्याने डबा मूकपणे अडकला. दिवा जळत होता, पण आत काही हलत नव्हतं. इशारा गेला नाही. सहाव्या कप्प्यात कांद्याला पाणी सुटलं आणि वास दारापर्यंत आला तेव्हा लोकांना कळलं. गटाच्या बैठकीत आबांनी विचारलं, असं कसं झालं? आणि मी, सगळ्यांसमोर, तू शेजारी बसलेली असताना म्हणालो, "भाषाच तशी आहे. मी सांगत होतो साधी घेऊ. हिचा हट्ट." तू वहीत बघत होतीस. मान वर केलीस आणि म्हणालीस, "चूक माझी आहे. मी शोधते." परतीच्या गाडीत तू एक पेरू कापलास आणि अर्धा मला दिलास. मी तो खाल्ला. अजून त्या पेरूची चव तोंडात येते आणि मला स्वतःचा राग येतो.

तीन आठवडे तू शोधत होतीस. शेवटी सापडलं ते एका चिन्हाइतकं. सरासरी काढायची ती बेरीज डबा प्रत्यक्षात करतच नव्हता, नुसत्या चिठ्ठ्या लिहून ठेवत होता, हे त्यात मिळवायचंय, ते त्यात मिळवायचंय. साचता साचता चिठ्ठ्यांनी सगळी जागा भरली. तू त्या ओळीत एक उद्गारचिन्ह घातलंस, 'आत्ताच कर' असं सांगणारं, आणि संपलं. मग पेन्सिल कानामागे खोचून तू मला विचारलंस, "पण सर, मग दोन वर्षं हे का नाही झालं?"

मला उत्तर माहीत होतं. दर महिन्याला डबा एक दिवस बंद व्हायचा, चिठ्ठ्या पुसल्या जायच्या, पाटी कोरी. काशिनाथभाऊंच्या विसाव्याने आपला प्रोग्रॅम जगत होता. मी म्हणालो, "नशीब." तू माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलंस. मग म्हणालीस, "नशीब असा प्रकार आपल्या भाषेत नसतो सर," आणि हसलीस. मीही हसलो. ती वेळ होती बोलायची. मी ठरवलं, सांगू लागेल तेव्हा.

नंतर तुझं दुखणं निघालं. दवाखान्यात एकदा तू विचारलंस, नांदगाव कसंय? मी म्हणालो, छान. पाच-दहा मिनिटं आपण खिडकीतून बाहेर बघत बसलो. तेव्हाही सांगता आलं असतं.

तू गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर तुझ्या बाबांनी लॅपटॉप माझ्या हातात दिला. "यात तिचं काय काय असंल, ते तुम्हालाच कळणार," म्हणाले. तो उघडायचं धाडस मला आठवडाभर झालं नाही. मग आबांचा फोन आला. "म्याडम गेल्या, लय वाईट झालं. पन साहेब, आता ते कोन पाहनार? नाशिकची एक पार्टी दुसऱ्या भाषेत नवं करून देते म्हनती. आमुशाला मार्केट बंद, समदे मोकळे ऱ्हात्यात. तव्हा या आन काय ते सांगा." मी ठरवूनच टाकलं होतं की हो म्हणायचं. तुझ्याशिवाय ती भाषा मला झेपणार नव्हती. त्या नव्या लोकांना सगळं उतरवून द्यावं, एवढ्यासाठी लॅपटॉप उघडला.

आणि तुझं अर्धवट काम समोर आलं. दवाखान्यात जायच्या आठवड्यातलं.

डब्याकडून काय येऊ शकतं, ते तू दोन प्रकारांत लिहिलं होतंस. एक 'आकडा', एक 'बिघाड'. आता तिथे तिसरा प्रकार होता, 'विश्रांती'. शेजारी तुझ्या नेहमीच्या मराठीत टीप: 'अमावस्या. काशिनाथभाऊ डबा बंद करायचे, तो बिघाड नव्हे. विश्रांतीचं बटण द्यायचं, म्हणजे तो दिवस पुन्हा पाळतील.' मी ते कितीतरी वेळ वाचत होतो. म्हणजे तू त्यांना फोन केला होतास. तू हसली नव्हतीस. अमावस्या मानत नसूनही तू काशिनाथभाऊंच्या अमावस्येला प्रोग्रॅममध्ये जागा करून दिली होतीस, आणि मी लाजेपोटी ती लपवली होती.

तुझ्या भाषेत नवा प्रकार आणला की आत्याबाई घरभर फिरतात. जिथे जिथे तू फक्त दोघांची सोय केलीस, तिथे तिथे थांबून विचारतात, आणि हा तिसरा आला तर? एक्केचाळीस ठिकाणी त्या थांबल्या होत्या. अहवालात विश्रांती आली तर? सरासरीत? दोन विश्रांती लागोपाठ आल्या तर? साध्या भाषेत असलं काही विसरलं तरी प्रोग्रॅम चालून जातो आणि ऐन वेळी तोंडघशी पाडतो. मी एकेका ठिकाणी बसलो. दुपारी डोळा लागायचा, तू फळ्यापाशी यायचीस, जाग आली की पुढचं ठिकाण. चार दिवसांत चाळीस झाली. खरं सांगतो, त्या चार दिवसांत तू गेलीस असं मला वाटतच नव्हतं.

एक्केचाळिसाव्या ठिकाणी तू जागा रिकामी सोडली होतीस. विश्रांती असेल तर इशाऱ्याचं काय करायचं? तिथे लिहिलं होतं, 'हे मला माहीत नाही. काशिनाथभाऊंना विचारायचं.'

आज सकाळी चाळीत जाऊन मी त्यांना विचारलं.

"डबा बंद असायचा त्या दिवशी चाळीकडं कोण बघायचं?"

"मी नाय का?" ते म्हणाले. "बाराच्या बारा कप्प्यांत हात घालायचो, कोपरापोतर. वास घ्यायचो. मशीन निजलंय मंग मानसानं जागं ऱ्हायला पायजे ना. पुढं तुम्ही म्हनले, निश्चिंत ऱ्हा. मंग सोडलं."

डबा अडकला आणि वास सुटला, त्याच्या मधे एक अमावस्या येऊन गेली होती. त्या दिवशी त्यांचा हात सहाव्या कप्प्यात गेला असता.

"हे तुम्ही मॅडमना सांगितलं होतं?"

"आमुशाचं इचारलं त्यांनी, ते सांगितलं. तो इसावा कोनी सोडाया लावला ते नाय सांगितलं. तुमचं नाव कशाला घेऊ?"

म्हणजे तुला कळलं होतं की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. कळलं असेल आणि तू बोलली नसशील, तर का, हे भांडण मला तुझ्याशी करायचंय. कळलं नसेल तर माझी चूक पाठीवर घेऊन तू गेलीस. रोज यातलं एक खरं वाटतं.

रिकाम्या जागेत मी एक ओळ लिहिली, लॅपटॉप पोत्यावर ठेवला आणि आत्याबाईंच्या हवाली केला. त्यांना वेळ लागणार होता. तोवर आबा आणि गटातली माणसं सतरंजीवर येऊन बसली. मी उभा राहिलो. म्हणालो, सहावा कप्पा सडला तो मॅडमच्या हट्टाने नाही. त्यांच्या ओळीत एक चूक होती, ती त्यांनी शोधून सुधारली. पण ती बाहेर आली माझ्यामुळे. काशिनाथभाऊंना मी अडवलं, मॅडमला सांगितलं नाही आणि तुमच्यासमोर दोष त्यांच्यावर ढकलला. तुम्ही मला काढायचं तर काढा, त्यांचं काम काढू नका.

मग आबा म्हणाले, "म्याडम त्या दिशी चूक माझी हाय म्हनल्या व्हत्या. मला तव्हाच वाटलं, येवढं सरळ कोन म्हनतं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ऱ्हाऊ द्या तोच पोग्राम. पन साहेब, दुसऱ्या कोनाला तरी शिकवा. परत आसं नको." मी हो म्हणालो. लूप शोधणाऱ्या त्या ओझरच्या बाईंचा नंबर ऑफिसात कुठेतरी असेल, तो काढणार आहे. आणि या खेपेला रिकर्शन मी समजावीन, चहासकट.

तेवढ्यात लॅपटॉपकडे बघितलं. पडद्यावर एकही तक्रार नव्हती. "काय म्हनतंय?" आबांनी विचारलं. "काही नाही," मी म्हणालो. तू सांगायचीस, आत्याबाई गप्प बसल्या की समजायचं, पटलं.

प्रोग्रॅम डब्यात चढवला आणि काशिनाथभाऊंना म्हटलं, आज अमावस्या आहे, करा बंद. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं, मग डब्यावरचं नवं बटण दाबलं. दिवा मालवायच्या आधी डब्याने शेवटचा निरोप धाडला आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो लांब धरून मोठ्याने वाचला, 'आज विश्रांती. काशिनाथभाऊ, आज चाळीकडे तुम्ही बघा.'

"बघतो की," ते फोनलाच म्हणाले आणि बाही वर करून पहिल्या कप्प्याकडे गेले.

मीही बाही वर केली. सहावा कप्पा मी बघितला, कोपरापर्यंत हात घालून. कांदा कोरडा होता, सुजाता.